जबड्याखालचा उभार

माझ्या मानेला पहिला आक्षेप हरिबानं घेतला. हरिबाचं सलून पोवई नाक्याच्या अलीकडे, एका खुर्चीचं. गेली अठरा वर्षं दर रविवारी मी त्या खुर्चीत डोळे मिटून बसतो आणि हरिबा माझी दाढी करतो. गप्प बसून दाढी करणारा माणूस साताऱ्यात मला दुसरा भेटलेला नाही. त्यामुळे १९९९ सालच्या जानेवारीतल्या त्या रविवारी वस्तरा मध्येच थांबला आणि हरिबानं तोंड उघडलं, तेव्हाच मी डोळे उघडले.

"आवं साहेब, हितं जबड्याखाली दोन्हीकडं गोळं हायती. ठावं हाय न्हवं?"

"कुठं?"

त्यानं साबणाच्या बोटानं जागा दाखवली. मी हात लावला. होते. डावीकडे एक, उजवीकडे एक, सुपारीपेक्षा मोठे आणि अक्रोडापेक्षा थोडे लहान. माझ्याच गळ्यात, माझ्या परवानगीशिवाय.

"कधीपासून आहेत रे?"

"त्ये मला काय ठावं?"

"अरे, तू दर रविवारी तिथून वस्तरा फिरवतोस!"

"म्या वस्तऱ्याकडं बघतो साहेब, मानंकडं न्हाई," हरिबा म्हणाला आणि पुन्हा अठरा वर्षांसाठी गप्प झाला.

यादोगोपाळ पेठेतल्या घरापर्यंत मी कसा पोहोचलो ते मला आठवत नाही. एक शब्द डोक्यात सारखा येत होता. तो मी मनातसुद्धा पुरता उच्चारत नव्हतो. 'कॅ' म्हणायचो आणि तिथूनच परत फिरायचो. आमच्या भार्गवीचं लग्न वैशाखात ठरलं होतं. कार्यालय धरलं होतं, आचारी सांगितला होता, पत्रिकेचा मसुदा छापखान्यात होता. अशा घरात तो शब्द काढणं म्हणजे मांडवाला काडी लावणं. मला लग्न बघायला मिळेल का, ही एक भीती होती. आणि मी बोललो तर लग्नाचा रंगच जाईल, ही दुसरी. दोन्ही भीती घेऊन मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो.

क्षमा म्हणजे माझी बायको. ती तीळ भाजत होती.

"मी काय म्हणतो," मी म्हटलं, "माझी मान जबड्याखाली जरा फुगीर दिसते. भार्गवीच्या लग्नात व्हिडिओ शूटिंग आहे. ते लोक खालून दिवा मारतात. तेव्हा डॉक्टरला दाखवून मान जरा रेखीव करून घ्यावी, असा विचार आहे."

हे मी का म्हणालो? भीती लपवायला काहीतरी आडोसा हवा होता आणि घाईत हा सापडला. क्षमानं गॅस बंद केला, पाटावर बसली आणि हसायला लागली. डोळे पुसून पुन्हा हसली. "चोपन्नाव्या वर्षी! मान रेखीव! भार्गवी, अगं ऐकलंस का, तुझे बाबा हिरो होणार आहेत!"

मला राग आला, पण सुटल्यासारखंही वाटलं. रडण्यापेक्षा हे हसणं परवडलं, असा मी हिशेब केला. तो हिशेब किती चुकला ते पुढे येईलच.

आमच्या वाड्यात बातमी जिन्यानं जात नाही, भिंतीतून जाते. तासाभरात शेजारचे देवदत्तराव आले. दूधयोजनेतून निवृत्त झाल्यापासून ते वर्तमानपत्रातलं आरोग्याचं सदर कापून वहीत चिकटवतात. त्यांनी माझी मान खिडकीच्या उजेडात धरून पाहिली आणि निदान केलं. "ही चरबी आहे. रोज सकाळी गच्चीवर उभं राहायचं, आभाळाकडे बघायचं आणि चाळीस वेळा लांबलचक 'ई' म्हणायचं."

चरबी हा शब्द मला त्या दिवशी फार गोड लागला. मी सात दिवस आभाळाकडे बघून 'ई' म्हटलं. आठव्या दिवशी समोरच्या गच्चीवरून सुभेदार सयाजीरावांनी हाक दिली. सुभेदार पंचवीस वर्षं फौजेत काढून आलेले. आवाज अजून परेडचाच.

"नातूसाहेब, घरी समदं ठीक हाय ना?"

"हो, का?"

"न्हाई, आमच्या युनिटमदी जवान असा वर बघून वराडाया लागला की आमी त्याला एमआय रूममदी, डाक्टरकडं, न्यायचो. म्हटलं इचारावं."

व्यायाम बंद झाला. मग आमच्याकडे भांड्याला येणाऱ्या बनुबाईनं सूत्रं हाती घेतली. "वैनी, सायबांना हळद-चुन्याचा लेप लावा. लय गुनकारी. आमच्या म्हशीचा गळा असाच सुजल्याला, तीन दिसांत उतारला." म्हशीचा अनुभव जमेस धरून लेप लावण्यात आला. चुना जास्त झाला. मान लालभडक झाली, आग तर अशी की मी दुपारभर पंख्याखाली गळा वर करून बसलो. हळदीचा पिवळा रंग काही निघाला नाही. सोमवारी कचेरीत शिपायानं अदबीनं विचारलं, "साहेब, जेजुरीला जाऊन आला का?"

शेवटी मी मुकाट्यानं आमच्या घरच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी दोन्ही गोळे चाचपले, माझ्या तोंडात हातमोज्याचं बोट घालून आतून चाचपले आणि हातमोजा काढला. त्यांनी सांगलीच्या डॉक्टर अवधूत बर्व्यांना चिठ्ठी लिहिली. चिठ्ठी पाकिटात घातली, पाकीट चिकटवलं. कचेरीत आयुष्यभर दुसऱ्यांची पाकिटं चिकटवणारा मी, पण ते चिकटवलेलं पाकीट मी बाहेर येऊन उजेडाकडे धरून पाहिलं. साधं काही असतं तर पाकीट उघडं दिलं असतं.

डॉक्टर बर्व्यांच्या पाटीवर 'नाक, कान, घसा' आणि त्याखाली बारीक अक्षरात 'चेहरा व मान यांच्या सौंदर्य-शस्त्रक्रिया' असं होतं. बरोबर आलेल्या क्षमानं ती बारीक अक्षरं मोठ्यानं वाचली आणि ती बाहेरच्या बाकावर पदर तोंडाला लावून बसली. मी एकटाच आत गेलो. ते माझ्या पथ्यावर पडलं.

डॉक्टर माणूस तरुण, शांत. त्यांनी चिठ्ठी वाचली, गोळे दाबले, कागदावर मानेचं चित्र काढलं. "या लाळेच्या ग्रंथी. प्रत्येकाला असतात. काहींच्या मोठ्या होतात, काहींच्या खाली उतरतात, मग मान अशी भरलेली दिसते. तुमच्या दोन्ही बाजूंच्या सारख्याच आहेत, ते चांगलं लक्षण आहे."

"मग उपाय?"

"दोन आहेत. एक म्हणजे जबड्याखाली चीर घेऊन ग्रंथी काढायची, निदान तिचा खाली आलेला भाग तरी. पण तिथून ओठाची एक बारीक नस जाते. तिला धक्का लागला तर खालच्या ओठाची एक बाजू काही दिवस हलत नाही. क्वचित कायमची. तोंडाला थोडी कोरडही पडते."

व्हिडिओत माझी मान रेखीव आणि हसू वाकडं, असं चित्र माझ्या डोळ्यांपुढे आलं. "आणि दुसरा?"

"इंजेक्शन. डबाबंद अन्न नासलं की त्यात एक विष तयार होतं. त्याचा अगदी कणभर अंश ग्रंथीत टोचला की ती काम कमी करते आणि आकसते. चार-सहा महिन्यांनी पुन्हा टोचावं लागतं. परदेशात आत्ताच यावर प्रयोग सुरू झालेत."

"तुम्ही किती जणांना दिलंत?"

"अजून कोणालाच नाही," डॉक्टर प्रामाणिकपणे म्हणाले. "तुम्ही पहिले असाल."

मी खुर्ची अर्ध्या इंचानं मागे सरकवली. डॉक्टरांच्या ते लक्षात आलं. ते म्हणाले, "नातू, रेखीव मान वगैरे नंतर बघू. तुम्ही खरं कशासाठी आलात?"

दार बंद आहे ना, हे मी वळून पाहिलं आणि मग तो शब्द आयुष्यात पहिल्यांदा पूर्ण उच्चारला. "कॅन्सर आहे का?"

"तसं मला वाटत नाही. पण वाटण्यावर भागत नाही. सुईनं थोड्या पेशी काढून तपासू." सुई टोचली गेली, त्याबद्दल मी काही लिहीत नाही. दहा दिवसांनी पोस्टानं अहवाल आला, तो मीच कचेरीत फोडला. 'नमुना अपुरा. निष्कर्ष काढता येत नाही.' खाली डॉक्टरांनी हातानं लिहिलं होतं : 'घाबरू नका. हे गोळे किती जुने आहेत ते शोधा. वर्षानुवर्षं असेच असतील तर मी त्यांना हातही लावणार नाही. पण वर्षभरात वाढले असतील तर दोन्ही काढून तपासायला पाठवू. जुने फोटो आणा.'

तयारीत असावं म्हणून मी रजेचा अर्ज केला. आता अडचण अशी, की आमच्या सरकारी कचेरीत आवक-जावक लिपिक मीच. कोणताही अर्ज आधी माझ्याकडे येतो. त्यामुळे माझा अर्ज मी मला दिला, मी तो स्वीकारला, मला पोच दिली आणि हेडक्लार्कांकडे पाठवला. तीन दिवसांनी तो माझ्याकडेच परत आला. शेरा होता : 'सदर शस्त्रक्रिया सौंदर्यवर्धनासाठी आहे किंवा कसे, याचा खुलासा करावा.'

ही सौंदर्याची बातमी कचेरीत कशी गेली? हेडक्लार्कांची मंडळी आणि क्षमा एकाच भिशीत आहेत. मी खुलासा लिहिला : 'सौंदर्यवर्धनासाठी नाही.' तो परत आला : 'मग कशासाठी, याचा सविस्तर खुलासा व्हावा.' खरं लिहिलं असतं तर ते कागदावरून भिशीत आणि भिशीतून घरी गेलं असतं. मी लिहिलं : 'आरोग्यवर्धनासाठी.' हेडक्लार्कांनी मला बोलावून घेतलं. "नातू, आपण मित्र आहोत म्हणून सांगतो. या वयात मनावर ताबा ठेवावा." टेबलं खुसखुसली. मी ताबा ठेवला, मनावर नाही, हातांवर.

फोटोंचं तर विचारू नका. दुपारी घरी कोणी नसताना मी अल्बम काढून बसलो. लग्नाच्या फोटोत गळ्यात हार, तोही क्षमाच्या मामांनी आणलेला, कानापर्यंत येणारा. भार्गवीच्या बारशाला उपरणं. महाबळेश्वरला कानटोपी. कचेरीच्या ग्रुप फोटोत मी मागच्या रांगेत आणि पुढे साहेबांचं डोकं. मतदार ओळखपत्रावर तर नाकाखाली नुसता काळा डाग, तो मीच आहे हे नावावरून समजायचं. चोपन्न वर्षं जगलो आणि मानेचा एक पुरावा नाही. जेवण जाईना. क्षमा म्हणाली, "अहो, डाएट करताय का?" आणि मुलीकडे बघून डोळे मिचकावले.

मग एक दिवस कचेरीत कोणीतरी सत्तर सालचं एक पत्र मागितलं. मी जुनं रजिस्टर काढलं, पाच मिनिटांत नोंद दाखवली आणि पान मिटता मिटता हात थांबला. माझ्या गळ्याची नोंद कोणी ठेवली असेल? डॉक्टरनं नाही, बायकोनं नाही. ती ठेवतो शिंपी.

आमचा शिंपी आकाराम. मोती चौकात त्याचं दुकान होतं. मापाच्या वह्या तो देवासारख्या जपायचा. सात-आठ वर्षांपूर्वी तो दुकान बंद करून गावी रहिमतपूरला गेला होता. रविवारी मी एसटी पकडली. "लग्नाचा कोट टाकायला जातो," असं सांगितलं, तर क्षमाही निघाली. रंग तिनंच निवडायचा होता.

आकारामचं दुकान बाजारपेठेत होतं, आतल्या भिंतीला मापांच्या वह्यांची उतरंड. त्यानं मला ओळखलं, चहा सांगितला. मी टेप बाजूला सारला.

"आकाराम, माझं जुनं माप काढ. अगदी पहिल्यापासून."

"जुनं कशाला? नवं घेतो की."

"जुनंच हवं. गळ्याचं."

"आवं, पर कशापायी?"

क्षमा कापडाचे ताके बघत होती. आता टाळता येईना. माझा आवाज मला न विचारताच फुटला. "जबड्याखाली गोळे आलेत. ते एका वर्षात वाढले असतील तर डॉक्टर कापून तपासणार आहेत. कॅन्सर आहे का ते."

ताक्यांवरचा क्षमाचा हात तिथंच राहिला. ती वळली नाही. आकारामनं शिडी लावली, वर चढला, एक वही काढली, धूळ झटकली आणि बोट फिरवत वाचू लागला.

"ह्ये बगा. सन शहात्तर. नातूसाहेब धाकटे. छाती छत्तीस, गळा पंधरा. शेरा : जबड्याखाली दोन्ही अंगाला उभार, कॉलर उतरती ठेवणे." दुसरी वही. "त्र्याऐंशी. गळा साडेपंधरा. शेरा : उभार तसाच." तिसरी. "एक्याण्णव. गळा सोळा. उभार तसाच."

"पुन्हा वाच."

"उभार तसाच."

'तसाच' हा शब्द रोज शंभर कागदांवर मी बघतो. त्या दिवशी तो ऐकून मी दुकानाच्या पायरीवर बसलो आणि लहान मुलासारखा रडलो. बाजारातली माणसं बघत होती. बघू देत.

आकाराम शिडीवरच होता. तो म्हणाला, "पर साहेब, ह्यो उभार तुमचा न्हवंच. ह्यो थोरल्या साहेबांचा." त्यानं सगळ्यात मागची वही ओढली, त्याच्या वडिलांच्या हातची. "सन अठ्ठावन. नातूसाहेब थोरले. गळा सोळा. शेरा त्योच."

आप्पांचा? माझ्या वडिलांचा? मला आप्पांची मान आठवेना. आठवला तो मफलर. वैशाखातसुद्धा गळ्याला मफलर. थंडी वाजते म्हणायचे. त्यांना मफलर आवडतो म्हणून दर दिवाळीला आम्ही त्यांना नवा घ्यायचो.

"लय भ्यायचे," आकाराम हळू म्हणाला. "दर वरसाला शर्ट टाकाया यायचे. कापड कंचंबी चालायचं. माप घेताना हळूच इचारायचे, 'वाढल्यात का रं, आकाराम?' म्या म्हनायचो, 'न्हाई साहेब, तसंच हायती.' मग चहा प्यायचे. कुनाला बोलू नगंस म्हनायचे, म्हून बोललो न्हाई."

आप्पा गेले तेव्हा त्यांच्या कपाटात एकदाही न घातलेले अकरा शर्ट निघाले होते. म्हातारपणी कपड्यांची हौस आली होती, असं आम्ही सगळ्यांना सांगितलं होतं. ते गेले एक्याऐंशीव्या वर्षी, झोपेत. गळ्यानं नव्हे. तीस वर्षं ते घाबरत एका शिंप्याकडे जात होते आणि शेजारच्या खोलीत मी होतो.

निघताना आकारामनं आजचंही माप घेतलं : गळा सोळा, उभार तसाच. दुसऱ्या दिवशी ती नोंद आणि वह्यांच्या पानांच्या झेरॉक्स घेऊन आम्ही सांगली गाठली. डॉक्टर बर्व्यांनी शेरे दोनदा वाचले, पुन्हा एकदा मान तपासली आणि झेरॉक्स केसपेपरला टाचल्या. "अशी हिस्टरी मला कुठल्या पेशंटनं दिलेली नाही. घराण्याची ठेवण आहे ही. चीर नको, इंजेक्शन नको. सहा महिन्यांनी एकदा दाखवून जा, बस्स. कोट शिवा."

रहिमतपूरपासून क्षमा माझ्याशी तीनच वाक्यं बोलली होती, त्यातली दोन पाण्याबद्दल. सांगलीच्या स्टँडवर साताऱ्याची गाडी लागायची होती. आम्ही बाकावर बसलो. तिनं भडंगाचा पुडा फोडला, माझ्यापुढे धरला आणि स्वतः काही खाल्लं नाही.

"पाच आठवडे," ती म्हणाली. "पाच आठवडे तुम्ही आत मरत होतात आणि मी सगळ्या वाड्याला सांगत होते की आमचे हे हिरो होणार. ते माझं हसणं आता मी कुठे टाकू?"

"लग्न तोंडावर आलंय. म्हटलं, कशाला तुला..."

"मलाही तसंच वाटलं."

"कसं?"

ती समोर बघत राहिली. "लग्न तोंडावर आलंय, आत्ता नको बोलायला. डाव्या डोळ्यानं मला दिवाळीपासून नीट दिसत नाही. धूर असतो. समोर माणूस आहे ते कळतं, कोण ते कळत नाही."

"दिवाळीपासून? आणि तू..."

"तुम्ही कोण मला बोलणारे?"

मी भडंगाचा पुडा तिच्या हातून घेऊन बाकावर ठेवला. क्षमानं उजव्या डोळ्यावर तळवा ठेवला आणि डाव्या डोळ्यानं माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं, खिडकीपलीकडून कोणी येतंय का ते बघावं तसं.

"तुम्ही आहात, एवढंच दिसतंय," ती म्हणाली. "मान दिसत नाही."

आणि आम्ही दोघंही हसलो आणि हसता हसता तिनं माझा हात घट्ट धरला.

गाडी फलाटाला लागली. कंडक्टरनं साताऱ्याचा पुकारा केला.

"लग्न झालं की बघू," क्षमा उठत म्हणाली.

"आत्ता बघू," मी म्हटलं. आणि स्टँडबाहेरच्या पहिल्याच रिक्षावाल्याला डोळ्यांचा दवाखाना विचारला.